मिसळण्यासाठी

चिकोंडी धाय मोकलून रडत असेल, अशा तयारीनं खासनीस सर वसतिगृहाचा जिना चढले. मलावीहून शिकायला आलेल्या या मुलाची आई सकाळी तिकडे वारली होती आणि अंत्यविधीला पोचणं शक्य नव्हतं.

पण तो रडत नव्हता. भिंतीला टेकून नुसता पुटपुटत होता. त्याच्याच खोलीत राहणारा प्रणित पाण्याचा पेला धरून अवघडून उभा होता.

"कधीचा बोलतोय सर, त्याच्या भाषेत. मला एक अक्षर कळत नाही. आपला हं हं करतोय मी."

सरांना जून आठवला. चिकोंडी आणि त्याचा गाववाला लिंबानी एकच खोली मागायला आले होते. "अरे, दोघं एकत्र राहिलात तर आमच्या मुलांत मिसळणार कधी?" असं हसून म्हणत सरांनीच त्यांना वेगवेगळ्या इमारतींत टाकलं होतं. कॉलेजात या निर्णयाचं कौतुकही झालं होतं.

त्यांनी लिंबानीला प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं. तो धावत आला, दारातूनच आपल्या भाषेत काहीतरी म्हणाला, आणि चिकोंडीनं हंबरडा फोडला.

प्रणितनं हळूच पेला खाली ठेवला आणि आपली गादी गुंडाळली.

"मी लिंबानीच्या खोलीत जातो सर. चालेल ना?"

 सरांनी वाकून गादीचं दुसरं टोक उचललं.