कोणाचीही हरकत नाही

"मंजूर!" सगळे एका सुरात ओरडले, आणि दानेश्वरीनं हातातली वही खाली केली.

झालं होतं काम. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करायचं, ही मंडळाची जुनी रीत. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी भजी खात माना डोलवायच्या आणि शेवटी मंजूर म्हणायचं. काय मंजूर केलं हे विचारण्याची आगळीक शाहूपुरीतल्या या तरुण मंडळात आजवर कुणी केली नव्हती. तरुण मंडळ म्हणायचं आपलं! समितीतल्या सगळ्यांत तरुण गृहस्थाला गेल्याच वर्षी नातू झाला होता.

अठरा वर्षांची दानेश्वरी त्यात आली ती एका पत्रामुळे. मंडळाच्या युवक केंद्राला सरकारी मदत हवी असेल तर समितीत एक तरुण प्रतिनिधी घ्या, असं २००२ सालच्या त्या पत्रात होतं. मुलीचं अक्षर चांगलं, म्हणून तिला घेतली आणि वही तिच्या हातात दिली. खुर्ची दारापाशी मिळाली. 'युवकांचे मनोगत' हा विषय यादीत अगदी तळाला. तिथवर येईतो भजी संपायची आणि मंडळी चपला शोधायला लागायची.

चार महिन्यांत चार सभा झाल्या. चारही वेळा ती उठून बोलली. कॉलेज सुटल्यावर मुलींना बसायला कुठं जागाच नव्हती. पोरांना कट्टा होता, तालीम होती. मुलींनी बसथांब्यावर उभं राहून बोलायचं, तेही कुणी ओळखीचं दिसेपर्यंत. दानेश्वरीच्या दोन मैत्रिणींची लग्नं झाली, तिसरी गारगोटीला मामाकडे गेली. आता ती बसथांब्यावर एकटीच उभी राहायची. संध्याकाळी पाच ते सात मंडळाचा हॉल मुलींना द्या, एवढंच तिचं मागणं होतं. केंद्राला मिळालेलं टेबल टेनिसचं टेबल कपाटामागे उभं करून ठेवलेलं होतं. पाच ते सात हॉलमध्ये समितीचा कॅरम चालायचा.

चौथ्या सभेत तिचं बोलणं संपलं तेव्हा निम्मी समिती जिना उतरत होती. उरलेली उसाच्या दरावर बोलत होती. दानेश्वरी घरी जाऊन पोटभर रडली. मग वही उघडून, जे घडलं ते तिनं कानामात्रेचाही फरक न करता लिहिलं. 'संध्याकाळी पाच ते सात हॉल मुलींसाठी ठेवावा, अशी सूचना दानेश्वरी यांनी मांडली. कोणाचीही हरकत नाही. सूचना संमत.' हरकत नसली की सूचना संमत, हीसुद्धा मंडळाची रीतच होती.

आणि आज ते मंजूर झालं. आता अध्यक्ष चन्नाप्पा आण्णांची सही तेवढी राहिली होती. आण्णांनी चष्मा न लावताच पेन उघडलं.

दानेश्वरीनं सगळ्यांकडे पाहिलं. एकाचीही नजर तिच्याकडे नव्हती. हॉल मिळत होता, पण ती बोलली होती हे अजूनही कुणाला ठाऊक नव्हतं. तिनं पानावर तळहात ठेवला.

"आण्णा, न ऐकता सही करू नका."

"का गं पोरी? चुकलंय काय?"

"चुकलेलं काय न्हाय. फक्त परत वाचते. ह्या खेपेला ऐका."

तिनं वाचलं. सावकाश, एकेक शब्द. हातात आलेलं आपण घालवून बसतोय हे तिला कळत होतं, तरी वाचलं. भज्यांकडे गेलेले हात थांबले. आण्णांनी चष्मा चढवला.

मग गणपतराव ताडकन उठले. कॅरमचा बोर्ड त्यांचाच.

"असं कसं? पाच ते सात आमचा डाव असतोय की! न्हाय जमायचं. माझी हरकत हाय!"

दानेश्वरीचे डोळे भरून आले. तिनं दारापाशची आपली खुर्ची ओढत ओढत आणली आणि गणपतरावांच्या अगदी समोर ठेवली.

"बोला काका," ती म्हणाली, "चार महिनं ह्याचीच वाट बघतेय मी."