आक्कांचं सुतक

धुरपदाआक्का गेल्या, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी देवीच्या देवळाच्या पायरीखालीच थांबले. देशोदेशी चित्रं काढत फिरलेल्या आक्का उतारवयात आमच्या गावात, लोहाऱ्यात येऊन राहिल्या. त्यांनी शाळेच्या भिंती फुकट रंगवल्या, अडलेल्या बाळंतिणींना आपल्या जीपमधून दवाखान्यात नेलं. मागं रडायला नात्याचं कुणी नव्हतं. पुजाऱ्यांनी नंदादीपाच्या तेलाची वाटी माझ्यापुढं केली. नंदादीपात तेल घालायचा हा लग्नापासूनचा माझा रोजचा नेम. मी हात मागं घेतले. "मला दहा दिवस सुतक हाय." "आक्कांचं? त्या तुमच्या भावकीतल्या न्हायत, जातीच्याबी न्हायत. असं सुतक लागत न्हाय, वहिनी." "लागत नसंल. मी धरलंय." "आन् नेम मोडला तर? देवी कोपंल." "माझी लेक अडली तेव्हा भावकीनं दार लावून घेतलं. जीप आक्कांचीच आली." पुजाऱ्यांनी वाटी मागं घेतली. मी खालूनच हात जोडले. "देवीला सांगा, आमच्या घरातलं माणूस गेलंय."