अस्सलाबरहुकूम

"सेर नेरींचं घर हेच ना?"

दार उघडलं की हाच प्रश्न. नोटरी लापोच्या मस्तकात तिडीक गेली. 'सेर' हा नोटरीला द्यायचा मान; पण गावाचा जुना नोटरी नेरी मरून दोन वर्षं झाली होती. त्याच्या विधवेशी, बीचेशी, लापोने चर्चच्या दारात सगळ्या गावादेखत लग्न केलं होतं. घर त्याचं, बायको त्याची. पण बायकोबरोबर नेरीच्या दस्तांच्या वह्याही आल्या होत्या, आणि गावाला नक्कल हवी असायची ती त्यांतलीच.

दारात तेस्सा उभी होती, काखेत कोंबडी धरून. "दीर म्हणतो, द्राक्षमळा त्याचा. नवऱ्याने तो माझ्या नावावर केला, तेव्हा सेर नेरींनीच लिहून दिलं होतं. काय अक्षर होतं हो त्यांचं! देवमाणूस."

"मळ्याचा दस्त? तसलं काही नाही त्यांच्या वह्यांत," लापो म्हणाला.

तेस्सा मटकन पायरीवर बसली. लापोला खरं तर लाज वाटायला हवी होती. पण त्याला उलट बरंच वाटलं. चुकला एकदाचा देवमाणूस!

बीचे आतून आली आणि वह्यांची चळत तिने त्याच्यापुढे आदळली. "न उघडताच कळलं तुम्हाला? शोधा."

"तुझा जीव अजून त्याच्यातच अडकलाय. उन्हात काय घालतेस त्याच्या वह्या, पुसतेस काय!"

"कसर लागली तर खाणार काय आपण? मी त्याला पुरलं, रडले, संपलं. त्याच्याशी संसार तुम्ही करताय."

दस्त सापडला. नकलेखाली लिहायचा मजकूर ठरलेला होता: 'सेर नेरीच्या हातच्या दस्तावरून, अस्सलाबरहुकूम, काही न वाढवता, काही न गाळता.' ते नाव लिहिताना लापोने दात आवळले. बाकीचं अक्षर मात्र त्याने असं वळवलं, असं घोटलं, की नेरीच्या बापालाही जमलं नसतं. शेवटी स्वतःची निशाणी काढून त्याने नक्कल तेस्साच्या हातात दिली.

तेस्साला वाचता येत नव्हतं. तिने ती उजेडाकडे धरली, डोळे भरून पाहिली आणि तिचा मुका घेतला. ओठांना लापोची ओली शाई लागली.

"हेच ते अक्षर! लांबूनसुद्धा ओळखलं असतं मी," ती बीचेला म्हणाली. "सेर नेरींसारखा हात पुन्हा होणे नाही, बाई."