फिटिंग

धंदा वाढवायचा म्हणून शिंप्याच्या मुलीने मापांच्या सगळ्या जुन्या वह्यांचे फोटो नव्या सॉफ्टवेअरला दिले. कुणाला कधी काय शिवायला लागेल, ते आता कॉम्प्युटर आधीच सांगणार होता.

"बाबा, सगळ्यांची मापं वाढतायत. एकशे चार नंबरच्या गिऱ्हाइकाची तेवढी सारखी उतरतायत. दीड वर्षात नऊदा कपडे आत घेतलेत तुम्ही. छाती, कंबर, दंड, सगळंच."

"डाएटचं खूळ असेल," बाप हातातली शिवण उसवत म्हणाला. "पण माझ्या हातचं कापड कुणाच्या अंगावर सैल दिसलंय कधी? बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही."

"इतकं कुणी वाळतं का? आजारी असेल हो. फोन तरी करू या. नाव काय?"

"वहीत बघ ना."

मुलीने वही उघडली. नावाच्या जागी बापाच्या अक्षरात लिहिलं होतं, 'घरचं काम'.

तिने ते मोठ्याने वाचलं. बापाचा हात थांबला. त्याच्या मांडीवर तिच्या आईचा ब्लाउज होता, दहाव्यांदा आत घ्यायला काढलेला.