सत्ती-दुर्री

विजयसिंहनं सत्ती-दुर्रीवर सगळ्या चिप्स पुढं लोटल्या आणि इकडं संयोगिताची भाकरी तव्यावरच राहिली.

"करपली की गं," आक्का म्हणाल्या. "गॅस तरी बारीक कर."

संयोगितानं गॅस बंद केला आणि डब्याला टेकवून ठेवलेला मोबाईल हातात घेतला. डोळ्यांना दिसतंय ते खरंच होतं. नवऱ्याच्या नावापुढं दोन पानं उघडी पडली होती, इस्पिकची सत्ती आणि चौकटची दुर्री. पोकरमध्ये याहून भिकार जोडी नाही.

"काय झालं? हरला व्हय आमचा इजू?"

"नाही आक्का. जिंकले."

"मग तोंड का असं केलंयस?"

सासूला हे कसं सांगणार? विजयसिंह आजऱ्याच्या एका काजू कारखान्यात मॅनेजर होता. सोमवार ते शनिवार तिकडं खोली करून राहायचा, रविवारी कोल्हापुरात यायचा. माणूस देखणा आणि गोडबोल्या. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईची तीन पिढ्यांची खुशाली विचारून मगच उतरणारा. म्हणून तो दोन वर्षांपूर्वी तिकडं गेला तेव्हा संयोगितानं एक युक्ती काढली. रोज संध्याकाळी सात ते नऊ दोघांनी मोबाईलवर पोकरच्या एकाच स्पर्धेत बसायचं, पंचवीस रुपयेवाल्या. तो आजऱ्यात, ती इथं. मध्ये फोन करायचा नाही, लक्ष उडतं. टेबलावर त्याचं नाव दिसलं की नवरा खोलीवर आहे, एवढं तिला पुरायचं.

"नवरा-बायकू एका खोलीत भांडायची सोडून फोनात बसत्यात," असं आक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या.

खेळ तिनंच शिकवला होता. ती शाळेत गणित शिकवायची, तिच्याकडं सगळ्याला हिशेब असायचा. पहिली दोन पानं हातात आली की बघायचं. एक्क्यांची जोडी, राजांची, राण्यांची, गुलामांची, नाहीतर एक्का-राजा, एवढ्यावरच खेळायचं. बाकी सगळं टाकायचं. स्वस्तातल्या स्पर्धेत लोक उतावळे असतात, आपापसात भिडून बाहेर जातात. आपण नुसतं थांबायचं.

विजयसिंहला थांबणं म्हणजे शिक्षा. घरी शिकताना कसलीही पानं आली तरी म्हणायचा, "बघूया की काय होतंय ते." आणि व्हायचं ते व्हायचं.

पण आजऱ्याला गेला आणि माणूस पार बदलला. तास तास पानं टाकत बसायचा. खेळला की समजावं, हातात राजाच्या खाली काही नाही. दोघांतलं कुणीही हरून बाहेर पडलं की त्याच्या जागेवरून दोन हात जोडल्याचं चित्र यायचं. घरी ज्यानं पाण्याचा पेला कधी उचलून ठेवला नाही, तो तिला रोज नमस्कार करायचा. संयोगिताला ते फार आवडायचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, पण खरा जीव जडला तो या दोन वर्षांत, त्याच्या त्या थांबण्यावर.

आणि आज सत्ती-दुर्री. पुढच्या डावाला नव्वी-तिर्री. त्याच्या पुढच्याला डोळे झाकून सगळं आत. वीस मिनिटांत तो बाहेर. नमस्कार नाही, काही नाही.

हा हात त्याचा नव्हता. फोन दुसऱ्याच कुणाच्या तरी बोटांत होता. कुणाच्या तरी खिदळत्या बोटांत. मग विजयसिंह कुठं होता? त्या बोटांच्या शेजारी, दुसरं कुठं असणार?

तिनं फोन केला नाही. भलत्याच कुणी उचलला असता तर?

सकाळी शाळेत रजा कळवून तिनं पहिली एसटी धरली. कारखान्याच्या ऑफिसात विजयसिंह काजूचे नमुने बघत होता. तिला बघून उठलाच.

"आक्का बरी हाय नव्हं?"

"बऱ्या आहेत. काल तुमच्या फोनवर कोण खेळत होतं?"

"मी. दुसरं कोण?"

"सत्ती-दुर्रीवर?"

तो हसला. "दोन वर्षं पानं टाकून टाकून हात आखडला माझा. एक दिवस मोकळा खेळलो, तर तू एसटी धरून आलीस? उद्या छक्की खेळलो तर पोलीस आणशील."

"वाडीच्या दत्ताची शपथ घ्या."

विजयसिंह गंभीर झाला. त्याचे चार दोष गल्लीला पाठ होते, पण नृसिंहवाडीची खोटी शपथ त्यानं जन्मात घेतली नव्हती. त्यानं गळ्याला चिमूट लावली. "दत्ताची शपथ. काल सात वाजल्यापासून फोन माझ्या हातात होता. खोलीवर मी एकटा होतो. दुसऱ्या कुणाचं बोट लागलं नाही."

खरं बोलणारा माणूस कसा दिसतो हे तिला ठाऊक होतं. तो तसाच दिसत होता. संयोगिताला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यानं दिलेली काजूची पिशवी तिनं खाली मान घालूनच घेतली.

"रविवारी तांबडा-पांढरा करते," ती म्हणाली.

"मटण मी आणतो," तो म्हणाला.

स्टँडवर कोल्हापूरची गाडी लागायची होती. समोरच्या एसटीतून कारखान्याचा वॉचमन लालासाब उतरला. उचगावचा म्हातारा. दिवाळीला काजूचं पोतं घेऊन घरी आला होता, म्हणून ओळख.

"वहिनी, तुम्ही? आणि एवढ्या सकाळी?"

"सहज आले होते. तुम्ही गावाकडं होता?"

"व्हय, नात झाली. एकच दिवस गेलतो, तर सायबांनी अब्रू घालवली की माझी." लालासाबनं खिशातला मोबाईल थोपटला. "काल गावाकडनं बघितला मी ह्यावर त्यांचा खेळ. सत्ती-दुर्री खेळतंय व्हय कोण? रोज सात वाजता सायब आपला फोन माझ्याकडं देऊन गावात जात्यात, नऊला येत्यात. मी कधी वंगाळ पान खेळलो न्हाय. पण त्यांना म्हणावं, आज सातच्या आत हजर हाय मी. बिचाऱ्यांना काल दोन वर्षांत पहिल्यांदाच खोलीवर बसावं लागलं."