मॉडेमवरचा निळा दिवा

मॉडेमवर पुन्हा वृंदाचा निळा दिवा लागला आणि मकरंदचं डोकं फिरलं. प्रत्येकाच्या मनगटावरच्या पट्टीतून नाडी वाचायची आणि घरात ज्याचा जीव सर्वांत जास्त गुंतलाय, त्याला इंटरनेटची वाट आधी मोकळी करून देऊन त्याच्या रंगाचा दिवा लावायचा, असं हे सॉफ्टवेअर ऑनलाइन खेळणाऱ्यांसाठी त्यानेच लिहिलं होतं.

आत त्याची बायको वृंदा सोलापूरच्या कुणा जयदीपबरोबर कॅरम खेळत होती. मकरंद दौऱ्यावरून व्हिडिओ कॉल करायचा तेव्हा मात्र तिची नाडी इतकी संथ असायची, की तिचा चेहरा अडखळत अडखळत यायचा.

त्याने लॅपटॉप उघडला आणि मॉडेममधून गुपचूप त्यांचा खेळ बघू लागला. जयदीपचं प्रत्येक "वा, वृंदा!" त्याला झोंबत होतं.

तेवढ्यात आतून वृंदा ओरडली, "अरे, क्वीन घेतली आणि नेमकं सगळं अडकलं! तू काही करतोयस का?"

"मी? ऑफिसचं काम चाललंय."

ती तणतणत बाहेर आली आणि मॉडेमकडे बघतच राहिली. निळा दिवा विझला होता. त्याच्या जागी, लग्नानंतर पहिल्यांदाच, मकरंदचा लाल दिवा लखलखत होता.

"ऑफिसच्या कामात एवढा जीव?" वृंदाचा आवाज एकदम खाली आला. "कोण आहे ती, मकरंद?"