फलकावरचा सत्यवान

"सत्यवान खंय आसा?" अंगणात पाय ठेवताच रसिकाने विचारलं. मालवणहून आरोंद्यापर्यंत, दोन एसट्या बदलताना, ती मनाशी हेच घोकत आली होती.

नर्मदाने हातातलं सूप बाजूला ठेवलं. "माजे घोव ते. तुमी कोण?"

"तुमच्या घोवाचो फोटो बघून माजो घोव मरणाच्या दारात गेलो. त्येची बायको मी."

नर्मदा आत गेली. तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला. रसिकाने त्याला हात लावला नाही.

मालवणच्या नाक्यावर एका खाजगी दवाखान्याचा तो फलक होता. खाडीकाठी हसणारा सत्यवान आणि खाली शब्द: 'आरोंद्याचे सत्यवान म्हणतात, स्टेम सेलने माझं लिव्हर नवं झालं.' रसिकाचा नवरा दीपेश होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. काविळीच्या जुन्या दुखण्याने त्याचं लिव्हर निकामी होत चाललं होतं. सरकारी इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई बजावत होत्या, "स्टेम सेलपासून लिव्हरच्या पेशी बनवण्याचं संशोधन चालू आहे. पण तो उपचार अजून सिद्ध झालेला नाही. गोळ्या सोडू नका."

फलकवाल्या दवाखान्याने नेमक्या गोळ्याच सोडायला लावल्या. इंजेक्शनं झाली. दीपेशचं पोट पाण्याने फुगलं, मग तो बायकोलाही ओळखेना. दवाखाना म्हणाला, "वाट बघा. सत्यवाननाही वेळ लागला होता."

"लाज नाय वाटली तुमका?" रसिकाचा आवाज चढला. "खोटा सांगान लोकांका मारतास! भायर बोलवा त्यांका. तोंडार विचारूचा आसा माका."

मागीलदारी धपकन आवाज झाला. खांद्यावरचं नारळांचं पोतं टाकून सत्यवान पुढे आला. रुंद छाती, स्वच्छ डोळे, फलकावरचंच हसू.

रसिका बघतच राहिली. माणूस खरोखरच ठणठणीत होता. म्हणजे गुण येतो. म्हणजे दीपेशलाही येईल. आणि आपण कुणाच्या दारात येऊन काय बोललो! तिचा राग कुठल्या कुठे गेला. तिने हात जोडले.

"भाऊ, चुकलंय मी. माजा डोक्याच फिरला होता. एकच सांगा, तुमच्या पोटातला पाणी कधी उतरला?"

सत्यवानने बायकोकडे पाहिलं, मग रसिकाकडे.

"कसला पाणी, बाय? पर्यटनाच्या जाहिरातीक म्हणान माजो फोटो काढल्यानी. माका लिव्हराचो आजार कधी झालोच नाय."